भाऊ म्हणतो पाडू, आई म्हणते हात लावू नका

प्रश्न: आमचं घर ४५ वर्षांचं आहे. विटांच्या भिंती, वर स्लॅब. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडून सळया दिसू लागल्यात, पावसात दोन खोल्या गळतात, मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली आहे. भावाला सगळं पाडून दुमजली बांधायचंय. आई म्हणते, तुमच्या बाबांनी बांधलंय, हात लावू नका. एक कंत्राटदार म्हणतो, डागडुजी करून २५ वर्षं काढाल. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात जातील. कोणाचं ऐकू?
– मधल्यामध्ये अडकलेली बहीण

उत्तर: ताई, आधी शेगडी तिथून हलवा. सळया दिसतात त्या छताखाली रोज तासन्‌तास उभं राहायचं नाही. सैल पोपडे गवंड्याकडून काढून घ्या आणि खाली लोखंडी टेकू लावा. बाकीचं शांतपणे ठरवता येईल.

तुमच्या दोन्ही कंत्राटदारांवर माझा सारखाच अविश्वास आहे. ज्याला जे काम मिळवायचंय, तेच त्याला घरात दिसतं. काम न घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळी फी देऊन बोलवा. त्याच्याकडून ‘पाडू की ठेवू’ असं एका शब्दाचं उत्तर मागू नका. पाया, भिंती, स्लॅब आणि नळ-वायरिंग यांचं आयुष्य एकसारखं नसतं. चौघांबद्दल वेगवेगळं लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ स्लॅबवर घालवा, कारण तुमचं दुखणं तिथेच दिसतंय. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, ते तिला अल्कलीचं कवच देतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की ते कवच जातं, त्यात गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. पोपडे पडतात ते असे. वरून नुसता गिलावा करणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं, दोन पावसाळ्यांत तो पुन्हा पडतो.

तपासणी अशी: हातोडीने सगळं छत हलकेच वाजवत जायचं आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने वेढा घालायचा. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कली दाखवणारं रसायन टाकेल. गुलाबी झालं तर कवच शाबूत, रंग आलाच नाही तर गेलेलं. मग सळईचा गंज खरवडून व्हर्नियर या मापकाने जाडी मोजायची. इथे बरेच जण फसतात. १० मिमीची सळई ९ वर आली तर ‘एकच मिमी गेला’ असं वाटतं, पण छेदाचं क्षेत्रफळ १९ टक्के घटलेलं असतं. ८ वर आली तर ३६ टक्के. साधारण पाचवा हिस्सा गेला की नुसतं लिंपून भागत नाही, नवी सळई जोडावी लागते.

पोकळी एखाद-दोन ठिकाणीच असेल तर दुरुस्ती टिकते, पण ती पूर्ण करायची. सळईच्या मागेही २० ते २५ मिमी काँक्रीट काढायचं, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं, गंजरोधक लेप द्यायचा, जुन्या-नव्याचा सांधा धरणारा बाँडिंग कोट लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचं. त्याआधी वरची गळती थांबलेली हवी. गच्चीचा उतार किमान १०० ला १ आहे का बघा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून निदान २४ तास ठेवा. छताचा तिसरा हिस्सा पोकळ वाजला तर मात्र ठिगळं लावू नका. एका ठिकाणी नवं भरलं की शेजारचं जुनं लोखंड उलट लवकर गंजू लागतं.

पण तेव्हाही घर पाडायलाच हवं असं नाही. भिंती आणि पाया धड असतील तर फक्त स्लॅब उतरवून नवा टाकता येतो. तुमच्या दोन्ही कंत्राटदारांपैकी कोणीच हा तिसरा मार्ग काढलेला दिसत नाही. टप्प्याटप्प्याने करणार असाल तर शेजारच्या खोलीलाही टेकू लागतात, कारण सळया भिंतीवरून पलीकडे गेलेल्या असतात.

आता ती तिरकी भेग. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करा, तारीख लिहा, दर महिन्याला अंतर मोजा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी जाऊ द्या. ऋतूप्रमाणे उघडमीट होत असेल तर खालची माती फुगते-आकसते आहे. जवळची फुटकी ड्रेनेजची नळी, भिंतीशी ओतणारा गच्चीचा पाइप किंवा मोठं झाड आधी बघा. एकाच दिशेने रुंदावत असेल तर पाया खचतोय. तिथे पायाच्या तळापर्यंत एकच अरुंद खड्डा घेऊन खोली, रुंदी आणि खालची माती बघायची. भिंतीलगत लांब चर खणू देऊ नका, खोदताना पाया उघडा पडून भिंत सरकते.

भावाच्या वरच्या मजल्याचं उत्तरही याच खड्ड्यात आहे. शिवाय एके ठिकाणी गिलावा काढून विटांचा सांधा किल्लीने खरवडा. मातीसारखी भुकटी सुटली तर या भिंतींवर मजला चढवायचा विषय सोडा. मजला खरोखर लागणार असेल आणि पाया पुरत नसेल, तर मी भावाच्या बाजूने आहे.

हिशेब मांडताना नव्या घराच्या रकान्यात पाडकाम, राडारोडा, वर्ष-दीड वर्षाचं भाडं, परवानग्या आणि वीज-पाण्याची नवी जोडणी घाला. जुन्याच्या रकान्यात सगळी वायरिंग व नळ नवे धरा आणि वर २० ते २५ टक्के राखून ठेवा, कारण फोडल्यावरच निघणारी कामं असतात. दुरुस्ती नव्याच्या ६० टक्क्यांपुढे गेली की मी नवं बांधा म्हणेन. त्याआधी बांधकाम नियम नक्की तपासा. जुनं घर हद्दीला चिकटून असेल आणि आज बाजूला जागा सोडावी लागत असेल, तर पाडल्यावर आहे तेवढंही बांधता येणार नाही.

आईशी स्लॅबबद्दल वाद घालू नका. त्यांना विचारा, यातलं काय जायला नको? चौकट, दार, जिन्याचा कठडा असं काही निघालं तर ते सुटं काढून नव्या घरात बसवता येतं. चौकटीचे भिंतीतले टोक मात्र वाळवीसाठी टोचून बघा. भावाला विचारा, वरच्या मजल्यावर राहणार कोण आणि पैसे कोण किती घालणार. घर कोणाच्या नावावर आहे तेही त्याच बैठकीत कागदावर येऊ दे. इंजिनिअरचा अहवाल तुम्ही सांगू नका. त्यालाच घरी बोलवा आणि आईसमोर हातोडीने छत वाजवून दाखवायला सांगा.