साउंडिंगचा आकडा खरा लिही

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जहाजाच्या इंजिनरूममधल्या नोकरीचं जॉइनिंग लेटर आल्याचं कळलं आणि मन भरून आलं. सामान, पगार, व्हिसा या गोष्टी फोनवर बोलू. पण शेवटी जे विचारलंस, "काका, साहेबांनी काही चुकीचं करायला सांगितलं तर?", त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी जहाजाच्या इंजिनात आपण जाळतो काय, ते समजून घे. रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर तळाशी जो गाळ उरतो, त्यापासून हेवी फ्युएल ऑइल बनतं. थंड असताना ते डांबरासारखं घट्ट असतं, प्युरिफायरला, म्हणजे तेल स्वच्छ करणाऱ्या यंत्राला, देण्याआधी 98 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्यातलं गंधक 1 जानेवारी 2020 पर्यंत साडेतीन टक्के चालत होतं, आता मर्यादा अर्धा टक्का आहे. अर्धा टक्का ऐकायला फार वाटत नाही. पण आपल्या रस्त्यावरच्या बीएस-6 डिझेलमध्ये दहा लाखांत 10 भाग गंधक चालतं आणि या अर्ध्या टक्क्याचे होतात 5,000 भाग. म्हणजे पाचशे पट.

हे गंधक जळून हवेत गेलं की त्याचे सूक्ष्म कण होतात, फुप्फुसात खोलवर उतरतात आणि हृदयालाही सोडत नाहीत. 2007 साली जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजांच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे 60,000 माणसं अकाली जातात, असा अंदाज मांडला होता. त्यातली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांजवळची. शिवडी, माझगाव, उरणला राहणारी माणसं याच किनाऱ्यावरची. जहाज धक्क्याला लागलं की मेन इंजिन बंद होतं, पण जनरेटर रात्रंदिवस चालू राहतात आणि तो धूर थेट वस्तीत जातो. ज्या बंदरात किनाऱ्यावरून वीज घ्यायची सोय असेल तिथे ती केबल जोडायला कंटाळा करू नको, कितीही खटपटीचं काम असलं तरी.

आणि हा धूर, हे तेल सगळ्यात आधी तुझ्या अंगावर येणार. डिझेल इंजिनाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. इंजिनरूममध्ये उघड्या हाताने तेलात काम करणं म्हणजे मर्दानगी असं समजणारे अजून भेटतील. त्यांच्या नादी लागू नको. ग्लोव्हज घाल, एक्झॉस्ट गळत असेल तिथे मास्क लाव. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती मी सांगतो : तेलकट चिंध्या बॉयलरसूटच्या खिशात ठेवून फिरू नको. ते तेल कापडातून तासन् तास कातडीला लागत राहतं.

उत्तर समुद्र, बाल्टिक, अमेरिकेचा किनारा आणि मे 2025 पासून भूमध्य समुद्र, इथे गंधकाची मर्यादा एक दशांश टक्का आहे. हद्दीत शिरण्याआधी इंधन बदलावं लागतं. तापमान मिनिटाला दोन अंशांपेक्षा वेगाने बदलू देऊ नको, नाहीतर पंप जाम होतील. वेळ आणि पोझिशन लॉगबुकात घाल, पण बदल खरोखर पूर्ण झाल्यावरच. काही जहाजांवर स्क्रबर असतात, ते धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. ओपन लूप स्क्रबरचं ते आम्लयुक्त पाणी परत समुद्रातच जातं. कायद्यात बसतं, पण मला ते कधीच पटलं नाही. सिंगापूरने 2020 पासून आपल्या बंदरात ते सोडायला बंदी घातली, ते योग्यच केलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. चुकीचं करायला सांगतील ते बहुतेक वेळा बिल्जमध्ये, म्हणजे इंजिनरूमच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्याच्या बाबतीत.

इंजिनरूमच्या तळाशी पंपांची गळती, कूलरचं पाणी, सांडलेलं तेल असं सगळं साचतं. ते ऑइली वॉटर सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, जाऊन दहा लाखांत 15 भागांपेक्षा कमी तेल उरलं तरच बाहेर सोडता येतं. जास्त असेल तर तेल मोजणारा मीटर व्हॉल्व्ह फिरवतो आणि पाणी परत टाकीत येतं. सेपरेटर सांभाळणं हे किचकट, घाणेरडं काम आहे. फिल्टर महाग असतात, स्लज, म्हणजे तेलाचा गाळ, बंदरावर द्यायला पैसे लागतात, वरून ऑफिसचा खर्चासाठी तगादा. मग कोणीतरी मीटरच्या नळीत गोडं पाणी सोडतो, म्हणजे मीटरला सगळं स्वच्छ दिसतं. किंवा सेपरेटरला वळसा घालून थेट बाहेर जाणारा तुकडा जोडतात. त्याला सगळे मॅजिक पाइप म्हणतात. बंदराजवळ आलं की तो काढून लपवतात आणि जागा रंगवून टाकतात. पण मुरलेला इन्स्पेक्टर आधी फ्लॅंजचे, म्हणजे पाइपांच्या जोडांचे, बोल्टच बघतो. आजूबाजूला जुना रंग आणि बोल्टच्या कडांवरचा रंग मात्र पान्याने उडालेला, एवढं त्याला पुरतं.

दरवर्षी मे-जूनमध्ये पश्चिमेचे वारे सुरू झाले की गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर, जुहूवरही, डांबराचे गोळे येऊन पडतात. काही तेलक्षेत्रांतून, काही टँकर धुतल्याचे, काही अशा चोरून सोडलेल्या पाण्यातले. 2010 साली मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सगळ्या देशाने तेल पाहिलं. खारफुटी काळी पडली, लोकांनी मासळी घेणं थांबवलं आणि कोळ्यांच्या चुली थंडावल्या. रोज थोडंथोडं सोडलेल्या तेलाची बातमी होत नाही. त्याचा हिशेब फक्त ऑइल रेकॉर्ड बुकात, म्हणजे जहाजावरच्या तेलाच्या नोंदवहीत असतो.

सुरुवातीला त्या बुकात तुझी सही नसेल. पण टाक्यांची साउंडिंग, म्हणजे आतल्या पातळीचं मोजमाप, तू घेशील आणि त्याच आकड्यांवरून बुक भरलं जाईल. हेवी ऑइल जाळणारं जहाज रोज 40 टन खात असेल तर एक टक्का धरला तरी 400 किलो स्लज तयार व्हायला हवा. बुकात तो ना जाळलेला, ना बंदरावर दिलेला, ना टाकीत असेल, तर तपासणारा माणूस पहिला प्रश्न साउंडिंग घेणाऱ्यालाच विचारतो.

कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजाचं प्रकरण वाचून ठेव. 2013 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर मॅजिक पाइपने तेलकट पाणी सोडलं. नुकत्याच लागलेल्या एका इंजिनिअरने ते पाहिलं, साउथॅम्प्टनला उतरून नोकरी सोडली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना सांगितलं. वरिष्ठांनी पाइप काढायला लावला, हाताखालच्यांना खोटं बोलायला सांगितलं. तपासात निघालं की हे 2005 पासून चाललं होतं. 2016 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड 4 कोटी डॉलर. त्या इंजिनिअरला न्यायालयाने 10 लाख डॉलर बक्षीस दिलं. बक्षिसाची आशा धरू नको, ते दरवेळी मिळत नाही आणि नोकरी जाण्याची भीती खरी असते. पण आठ वर्षं त्या जहाजावर किती जण आले, गेले, गप्प बसले, त्याचा विचार कर.

तसं तुझ्यासमोर आलं तर आधी सरळ विचार, "सर, ही लाइन ड्रॉइंगमध्ये दिसत नाही." कित्येकदा तेवढ्यानेच समोरचा थांबतो. नाही थांबला तर सेकंड इंजिनिअरला, चीफ इंजिनिअरला, मग कॅप्टनला सांग. तारीख, वेळ, व्हॉल्व्हचा नंबर स्वतःच्या वहीत लिही, रोजच्या रोज. तेही ऐकत नसतील तर कंपनीच्या डेझिग्नेटेड पर्सनला कळव. तो थेट वरच्या व्यवस्थापनाशी बोलू शकतो आणि त्याचा नंबर प्रत्येक जहाजावर लावलेला असतो. आणि कुठल्याही देशाचा अधिकारी समोर बसला तर खोटं बोलू नको, कोणासाठीही. अमेरिकेत पाणी सोडल्यापेक्षा खोटं बुक दाखवल्यामुळेच जास्त माणसं तुरुंगात गेली आहेत.

जहाजावर चढलीस की पहिल्याच आठवड्यात बिल्जची प्रत्येक लाइन ड्रॉइंग हातात घेऊन, टॉर्च लावून, सेपरेटरपासून समुद्रात पाणी सोडणाऱ्या ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हपर्यंत चालत बघ. एकही फ्लॅंज सोडू नको. आणि डेझिग्नेटेड पर्सनचा नंबर त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घे.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका