पुरस्कार मिळालेला चित्रपट आवडला नाही, तर चुकलं कोण?

तुम्ही लिहिलं आहे की कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर मिळालेला एक चित्रपट मोठ्या अपेक्षेने लावला, अर्ध्यावरच कंटाळा आला आणि मित्रांनी 'तुला सिनेमा कळत नाही' म्हणून सुनावलं. पुरस्कार खरोखर सर्वोत्तम चित्रपटालाच मिळतो का आणि साध्या प्रेक्षकाने विजेत्यांना जोखायचं कसं, हा तुमचा प्रश्न आहे.

मित्रांचं बोलणं आधी बाजूला ठेवा. 'मला आवडला नाही' आणि 'याला पुरस्कार मिळायला नको होता' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं करायला चित्रपट पाहिलेला असणं पुरे, तिथे कुठल्याही ज्युरीचं काही चालत नाही. दुसरं करायचं तर निवड कोणी केली, कशातून केली आणि मतं कशी मोजली हे माहीत हवं. चाहत्यांची बहुतेक भांडणं पहिल्या विधानापासून निघतात आणि मधलं काहीच न पाहता थेट दुसऱ्यावर पोचतात.

हे समजून घ्यायला १९९४ सारखं दुसरं वर्ष नाही. त्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात क्लिंट ईस्टवुडच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने 'पल्प फिक्शन'ला पाम द'ओर दिला. पुढच्या मार्चमध्ये ऑस्करला त्याच 'पल्प फिक्शन'ला मागे टाकून 'फॉरेस्ट गम्प' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या यादीत प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर ठेवलेला 'द शॉशँक रिडेम्प्शन' हाही १९९४ चाच. त्याला ऑस्करची सात नामांकनं होती, पुरस्कार एकही मिळाला नाही. आणि क्रिस्तॉफ किश्लोव्स्कीचा 'थ्री कलर्स: रेड' कानच्या स्पर्धेत असूनही रिकाम्या हाती परतला. मला विचाराल तर त्या वर्षातला सगळ्यात मोठा चित्रपट तोच. एकच वर्ष, आणि प्रत्येक ठिकाणी निकाल वेगळा. यातला कुठलाही निकाल वेडेपणाचा नव्हता, कारण प्रत्येक ठिकाणी निवडणारे वेगळे होते आणि त्यांची निवडायची रीतही वेगळी होती.

कानची मुख्य ज्युरी म्हणजे साधारण नऊ माणसं. दिग्दर्शक, नट-नट्या, कधी एखादा लेखक किंवा संगीतकार. बारा दिवसांत स्पर्धेतले वीसेक चित्रपट ती पाहतात, अधूनमधून एकत्र बसून बोलतात आणि शेवटी बंद दाराआड निर्णय घेतात. इतक्या छोट्या गटात एखाद्याने जीव तोडून बाजू मांडली तर बाकीच्यांचं मन वळू शकतं. हजारो लोकांच्या मतदानात जो चित्रपट कधीच वर येणार नाही, तो इथे येऊ शकतो, ही छोट्या ज्युरीची मोठी ताकद. पण नऊ जणांची आवड म्हणजे नऊ जणांचीच आवड. पुढच्या वर्षी माणसं बदलतात आणि त्यांच्याबरोबर आवडही बदलते. म्हणून 'कानला असले चित्रपट आवडतात' हे वाक्य मला कधी पटत नाही. कान हा एक माणूस नाही.

शिवाय तिथे बक्षिसांच्या वाटपाचेही नियम आहेत. १९९१ साली 'बार्टन फिंक'ने पाम द'ओर, दिग्दर्शन आणि अभिनय असे तीन मोठे पुरस्कार एकट्याने नेले. त्यानंतर एकाच चित्रपटाच्या झोळीत सगळं जाऊ नये म्हणून नियम कडक झाले. त्यामुळे अभिनयाचा पुरस्कार एखाद्या नटीला मिळाला तर त्यामागे 'हा चित्रपट आम्हाला आवडला, पण पाम द'ओर दुसऱ्याला द्यायचाय' असाही हिशेब असू शकतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला असा की कानचा निकाल पूर्ण वाचा, एकट्या पाम द'ओरवर थांबू नका. दुसऱ्या क्रमांकाचा ग्रां प्री तर चुकवूच नका. १९९४ चा ग्रां प्री 'बर्न्ट बाय द सन' आणि 'टू लिव्ह' या दोघांत विभागला गेला होता, आणि दोन्ही आजही तितकेच जिवंत वाटतात.

ऑस्करचं गणित पूर्ण वेगळं आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे आज दहा हजारांच्या आसपास मतदार आहेत. नामांकनं त्या त्या शाखेची माणसं करतात: संकलक संकलनाची, नट अभिनयाची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मात्र सगळेच करतात आणि अंतिम मतदानही सगळ्यांचं. एकत्र बसून चर्चा नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी पाहतो आणि मत देतो. नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही, हा नियम अकादमीने सगळ्या विभागांसाठी २०२५ मध्ये आणला. इतकी वर्षं तो सगळीकडे नव्हता, हे वाचून मला वाईट वाटलं होतं. मतदार विखुरलेले असले की प्रचाराला जोर चढतो, आणि स्टुडिओ त्यावर पाण्यासारखा पैसा ओततात.

मोजणीची पद्धत तर चाहते बहुधा लक्षातच घेत नाहीत. १९९४ च्या चित्रपटांसाठी पाच नामांकनं होती आणि ज्याला जास्त मतं तो जिंकला. मतं सारखी विभागली गेली तर वीस टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळवूनही जिंकता येईल, अशी ती पद्धत. २००९ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम आला. मतदार आपल्या पसंतीने क्रमांक लावतो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालू राहतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. निम्मे लोक डोक्यावर घेतील आणि निम्मे नाक मुरडतील अशा चित्रपटाला इथे धोका असतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला, कोणालाच न खुपणारा चित्रपट पुढे सरकतो. २०२२ च्या सोहळ्यात 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारा नामांकनं होती, त्यातलं दिग्दर्शनाचं एकच फळलं. तीन नामांकनं असलेल्या 'कोडा'ने तिन्ही पुरस्कार घेतले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच. मतांचे आकडे अकादमी जाहीर करत नाही, त्यामुळे हा परिणाम मोजणीचाच असं ठामपणे सांगता येत नाही. पण दिग्दर्शनाच्या विभागात पसंतीक्रम नसतो, तिथे ज्याला जास्त मतं तो जिंकतो, आणि ही पद्धत आल्यापासून दिग्दर्शनाचा पुरस्कार एकाला आणि चित्रपटाचा दुसऱ्याला असं वारंवार घडलं आहे. चाहते अशा वेळी 'दिग्दर्शक सर्वोत्तम तर चित्रपट का नाही?' म्हणून संतापतात. दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेली मतं दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात, एवढंच त्याचं कारण असू शकतं.

परदेशी भाषेतल्या चित्रपटांची व्यथा आणखी वेगळी. ऑस्करच्या त्या विभागात वर्षानुवर्षं एका देशाकडून एकच चित्रपट जात आला. 'रेड' स्वित्झर्लंडने पाठवला होता, तो पुरेसा स्विस नाही म्हणून अकादमीने नाकारला. त्याच 'रेड'ला मग दिग्दर्शन, पटकथा आणि छायालेखन अशी तीन मुख्य नामांकनं मिळाली! २०२३ चा पाम द'ओर विजेता 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' फ्रान्सने पाठवलाच नाही. त्याने मूळ पटकथेचा ऑस्कर पटकावला तो मुख्य विभागातून. २०२४ ला पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कानचा ग्रां प्री मिळाला, पण भारताकडून गेला 'लापता लेडीज'. 'ऑस्करला नामांकनसुद्धा नाही, म्हणजे चित्रपटात दम नाही' असं कोणी म्हणालं, तर तो चित्रपट त्या दारापर्यंत पोचू दिला होता का, हे आधी विचारा.

मग प्रेक्षकांचं मत तरी निर्मळ का मानू नये? मानावं, पण तीही एक ज्युरीच आहे हे विसरू नये. 'शॉशँक' चित्रपटगृहांत चालला नाही. व्हिडिओ आणि टीव्हीने तो घराघरांत नेला, लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला आणि ते प्रेम आयएमडीबीवर उतरलं. ते प्रेम खरं आहे, मीही त्यात सामील आहे. पण तिथे मत देतात ते ज्यांना तो चित्रपट सहज पाहायला मिळाला ते, आणि त्यातही इंटरनेटवर गुण द्यायची हौस असलेले. 'टू लिव्ह' ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, त्यांनी तो नाकारला असं कसं म्हणणार?

काळाची कसोटीही अशीच. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वकाळच्या सर्वोत्तम चित्रपटांचा कौल घेतं. २०१२ च्या यादीत पहिल्या तिसातही नसलेला शांताल आकेरमानचा 'जान डीलमान' २०२२ ला थेट पहिला आला. मधल्या दहा वर्षांत चित्रपटातली एक फ्रेमही बदलली नाही. मत देणारे मात्र साडेआठशेच्या आसपास होते ते सोळाशेच्या वर गेले आणि त्यात नव्या पिढीची माणसं आली. मला तो निकाल मनापासून आवडला, पण 'काळाने न्याय केला' असं मी म्हणणार नाही. न्याय केला तो नव्या मतदारांनी.

आता तुमच्या कंटाळ्याबद्दल. मला या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच वाटतो. १९६० मध्ये कानला मायकेलँजेलो अँतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची भर प्रेक्षागृहात हुर्यो उडवली गेली. एक तरुणी बेटावर हरवते, तिचा शोध सुरू होतो आणि हळूहळू शोधणारेच तिला विसरत जातात. लोकांना वाटलं, दिग्दर्शकाला गोष्ट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी अनेक दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सह्या करून त्याच्या पाठीशी पत्रक काढलं, ज्युरीनेही त्याला विशेष पुरस्कार दिला. हुर्यो करणाऱ्यांना कंटाळा आला हे खरंच होतं. फक्त तो कंटाळा कशातून आला हे त्यांनी तपासलं नाही.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या. २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती या स्पर्धा विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारातही सर्वोत्कृष्ट चित्रपट. तरी 'यात काही घडतच नाही' म्हणणारे खूप भेटतात. त्यात कोर्टाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. तिथे कंटाळा येणारच. पण माणसाचं आयुष्य तारखांमध्ये कसं झिजतं, हे कळायला तो थांबलेला कॅमेराच हवा होता. असा कंटाळा दिग्दर्शकाने जाणूनबुजून आणलेला असतो. दुसरा कंटाळा पसरट पटकथेतून, न साधलेल्या पात्रांतून येतो, आणि असे चित्रपटही महोत्सवांत भरपूर जिंकतात. फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट करते: जिथे मन उडालं तो प्रसंग पुन्हा लावते आणि तो निम्मा कापला तर चित्रपटाचं काय जाईल याचा विचार करते. काहीच जाणार नसेल तर माझी तक्रार पक्की.

तुमच्या त्या पाम द'ओर विजेत्याबरोबर स्पर्धेत कोण होतं ते शोधा आणि त्यातले दोन-तीन तरी पाहा. विजेत्याची तुलना आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या उत्तम चित्रपटांशी करू नका. ज्युरीपुढे तेवढेच वीस होते. इतकं करूनही तुम्हाला निकाल चुकला वाटला, तर बिनधास्त सांगा, पुरस्काराचा मुलाहिजा ठेवायचं कारण नाही.

मीही सांगते. २०१९ च्या ऑस्कर सोहळ्यात 'रोमा'ऐवजी 'ग्रीन बुक' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, तो निकाल माझ्या मते चुकीचा होता. 'ग्रीन बुक'ला टोरंटो महोत्सवातल्या प्रेक्षकांचा कौल होता, तो हसवतो, अभिनय उत्तम आहे, पाहून बरं वाटतं. पण वर्णभेद सोसणाऱ्या कृष्णवर्णीय पियानोवादकाची गोष्ट तो त्याच्या गोऱ्या ड्रायव्हरच्या नजरेतून सांगतो आणि शेवटी प्रेक्षकाला फार स्वस्तात सुटका देतो. 'रोमा'तला कॅमेरा घरकाम करणाऱ्या क्लेओच्या मागे सावकाश फिरतो, तिची कीव करत नाही आणि तिला देवीही बनवत नाही. समुद्राच्या प्रसंगात ती लाटांमध्ये शिरते तेव्हा कॅमेरा तिच्या बाजूने चालत राहतो, मध्ये कट नाही, पार्श्वसंगीत नाही. त्या वर्षीच्या आठ नामांकित चित्रपटांतल्या दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाने मला इतकं हलवलं नाही. कोणाला 'ग्रीन बुक'च योग्य वाटत असेल तर खाली लिहा, मला वाचायचं आहे. फक्त 'लोकांना आवडला' एवढं नको, त्यातला एक प्रसंग घेऊन लिहा.