गणितात पदवी घेतली तर पुढे शिकवणंच का?

बारावीनंतर गणितात पदवी घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मास्तरकी करणार?" करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांत हा प्रश्न इतका नेहमीचा आहे की तो आई विचारते की वडील, एवढंच बघायचं उरतं. या वेळी वडील होते. मुलीला इंजिनिअरिंगला सहज प्रवेश मिळेल असे मार्क, आणि तिला हवं होतं गणित. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

"मॅडम, इंजिनिअर झाली तर इंजिनिअर म्हणून नोकरी लागेल. गणितवाल्याला कोण बोलावतं?"

प्रश्न रास्त होता. 'गणितज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच निघते. जाहिरातीत अ‍ॅनालिस्ट असतो, स्टॅटिस्टिशियन असतो, रिस्क विभागातलं पद असतं, आणि खाली पात्रतेच्या ओळीत चार विषयांच्या रांगेत गणित लिहिलेलं असतं. ते शोधायचं काम विद्यार्थ्याचं. पण नोकरीचं बोलणं मी जरा पुढे ढकललं. मुलीला गणित आवडतं की गणितातले मार्क आवडतात, हे आधी कळायला हवं होतं. शाळेत रीत ओळखली की उत्तर येतं. पदवीला पहिल्या वर्षातच प्रश्नाचा सूर बदलतो: हे खरं आहे, सिद्ध कर.

म्हणून तिच्यापुढे कागद सरकवला. "कुठलीही पूर्ण संख्या घे. तिचा वर्ग कर, त्यात तीच संख्या मिळव, वर ४१ मिळव. उत्तर दर वेळी मूळ संख्या येईल का, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी?" गणितज्ञ ऑयलरच्या नावाने ओळखलं जाणारं हे जुनं कोडं आहे. तिने १ घेतला, ४३ आले. २ ला ४७, ३ ला ५३. १० ला १५१, २० ला ४६१. वडील शेजारून म्हणाले, "येतंच की." ती मात्र आकडे घालायची थांबली. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाली, "४१ च घेतली तर? तिन्ही तुकड्यांना ४१ ने भाग जातो." खरं तर सूत्र त्याच्या एक पाऊल आधीच फसतं: ४० घेतली की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. ० पासून ३९ पर्यंत मात्र प्रत्येक उत्तर मूळ संख्याच असतं.

या खेळात उत्तर सापडलं की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही. त्यानंतर मूल काय विचारतं ते ऐकते. "हे परीक्षेला असतं का?" असं विचारणारी मुलंही पुढे उत्तम करतात, फक्त त्यांना मी स्टॅटिस्टिक्स किंवा इंजिनिअरिंगकडे बघायला सांगते. हिने विचारलं, "मग कायम मूळ संख्याच देणारं असं एखादं सूत्र असू शकतं का?" अशा प्रकारच्या सूत्राला, म्हणजे बहुपदीला, ते जमत नाही, आणि त्याची सिद्धता म्हणजे तिने नुकत्याच वापरलेल्या युक्तीचीच पुढची पायरी. हे सांगितल्यावर तिने कागद परत स्वतःकडे ओढला. वडिलांनी तेही पाहिलं.

नंतर वडिलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली, कारण ती नंतर सांगितली तर सबब वाटते. पहिल्या-दुसऱ्या वर्षात मार्क घसरू शकतात. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये मर्यादेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या येते, मग ग्रुप थिअरी येते, आणि शाळेत कायम पुढे असलेलं मूल एकाच प्रश्नावर दोन-दोन दिवस अडकतं. पोहायला शिकताना पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा जसं होतं तसंच ते आहे. मुलगी 'ढ' झाली असा निष्कर्ष तेव्हा काढायचा नाही. तिला सांगितलं, "सोडवलेलं उत्तर वाचून 'समजलं' म्हणू नकोस. पुस्तक मिटून सिद्धता स्वतःच्या हाताने लिही. जिथे हात थांबेल तिथे तुला समजलेलं नाही."

आता नोकऱ्या. मूळ संख्यांचा विषय निघालाच होता, म्हणून क्रिप्टोग्राफीपासून सुरुवात केली. आरएसए ही १९७७ मध्ये शोधलेली सांकेतिक पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार करणं सोपं, पण त्यावरून त्या दोन संख्या परत शोधणं अतिशय कठीण. ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षिततेत अशाच गणिताचा मोठा वाटा आहे. वडिलांचा चेहरा इथे पहिल्यांदा सैल झाला.

त्यांना सर्वांत पटलं ते विम्यातली जोखीम मोजणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीचं काम. माणसं कुठल्या वयात किती दगावतात याच्या नोंदींवरून विम्याचा हप्ता ठरवायचं गणित जुनं आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलेने १६९३ मध्ये अशी आयुर्मानाची सारणी प्रसिद्ध केली होती. आज या व्यवसायात शिरायला व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने द्याव्या लागतात, त्याला काही वर्षं लागतात, आणि बरेच जण नोकरी करतच त्या देतात. पदवीच्या काळातच पहिले पेपर देता येतात. संभाव्यता आवडत नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नये, फक्त पगाराकडे बघून तर नाहीच.

ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे विमान कंपनीचे कर्मचारी कुठल्या फेरीवर लावायचे, माल कुठल्या मार्गाने न्यायचा असले प्रश्न. अशी सर्वांत फायद्याची निवड शोधणारी, गणितज्ञ डँट्झिगची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत तिथे अजून शिकवतात. हवामानाची प्रारूपं, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी, बँकेतली जोखीम, डेटा सायन्स हेही आहेच. आणि शिकवणं. मास्तरकी हा पडेल पर्याय आहे असं मी मानत नाही, पण त्यासाठी अध्यापनाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हे लोक विसरतात. संशोधनाचं सरळ सांगितलं: पीएचडीला बरीच वर्षं जातात आणि कायमच्या जागा थोड्या असतात.

"मग डेटा सायन्सचीच पदवी का नको?" वडिलांचा पुढचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. गणिताची ओढ असलेल्या मुलाने अठराव्या वर्षी चलतीच्या नावाची पदवी घेऊ नये. आजची सॉफ्टवेअर बदलतील, पण लिनिअर अल्जेब्रा आणि संभाव्यता बदलणार नाहीत. गणितातून पुढे स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर किंवा अर्थशास्त्रात मास्टर्सला जाता येतं. उलट दिशेने येणाऱ्याला सिद्धतांचा पाया मधूनच भरून काढणं फार जड जातं.

मात्र नुसतं गणित घेऊन बसलं तर वडिलांची भीती खरी ठरू शकते. नोकरीसाठी कंपन्या गणित विभागाच्या दारात येतीलच असं नाही, आणि पहिली नोकरी शोधायला इंजिनिअरपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. म्हणून तिच्या आखणीत काही गोष्टी पक्क्या केल्या. पहिल्या वर्षापासून प्रोग्रामिंग, पायथन चालेल, पण रोज थोडं. आणि संभाव्यता-स्टॅटिस्टिक्सचे जेवढे पेपर मिळतील तेवढे सगळे, जोडविषय म्हणून मिळालं तर उत्तमच. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं, पैसे मिळोत न मिळोत. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, अभ्यासक्रमाची पानं मागवा आणि तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय खरोखर शिकवले जातात की नुसते छापलेले असतात, हे तिथल्या मुलांना विचारा, असंही सांगितलं.

तिने गणित घेतलं. अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या परीक्षेत मार्क पडले, तेव्हा वडिलांनीच तिला 'मार्क घसरू शकतात' हे माझं वाक्य ऐकवलं म्हणे. अलीकडे तिचा प्रश्न आला होता: तिसऱ्या वर्षाला टोपोलॉजी घेऊ की न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस? शुद्ध गणितात मास्टर्स करायचं असेल तर टोपोलॉजीला पर्याय नाही, नोकरीकडे कल असेल तर न्यूमरिकल, असं कळवलं. तिचं उत्तर आलं, "दोन्ही घेतले तर वेळापत्रकात बसतात का ते बघते."