मंडईच्या रात्री नाटक की डान्स शो?

प्रश्न : ताई, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावच्या नाट्यमंडळाचा मी सचिव आहे. दरवर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक लावतो. गेल्या वर्षी तिकिटं कमी खपली आणि तूट मंडळातल्या पोट्ट्यांनी खिशातून भरली. यंदा ते म्हणतात, डान्स शो आणू. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीला पुढे दिवस आहेत का? नाटक गेलं तर गावाचं काय जातं?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, दुसरा प्रश्न आधी घेते. 26 वर्षं मी झाडीपट्टीत कामं केली. पहाटेच्या अंकाला दव पडून तबल्याची पुडी उतरायची. तबलजी ती शेकोटीवर धरायचा, तेवढा वेळ ऑर्गनवाला एकटा सूर राखायचा. समोर तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी मात्र हलायची नाही. तिच्या एका बाजूला सासरहून आलेली लेक, मांडीवर झोपलेला नातू. लेकीबाळी, जावई, सोयरे मंडईला येतात, रात्रभर नाटक बघतात. कितीतरी सोयरिकी याच मुक्कामात जुळतात. डान्स शो दोन तासांत आटोपतो आणि ज्याची गाडी आहे तो घरी जातो. म्हातारी तर येतच नाही.

दारूच्या एका नाटकात मी नवऱ्याच्या हातातली बाटली फोडायची. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे, तरी दारू घरात येते, हे बायांना माहीत असतं. एका प्रयोगानंतर एक बाई मेकअपच्या खोलीत आली, माझा हात धरून नुसती उभी राहिली. बोलली काहीच नाही. मला तो हात अजून आठवतो.

आता पुढच्या दिवसांचं. आहेत, नक्की आहेत. दिवाळीनंतर धान घरात आलं की होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आजही लोक तिकीट काढून नाटक बघतात. त्यावर नट, वादक, मंडपवाले, गाडीवाले, चहावाले जगतात. त्यातलेच कितीतरी पावसाळ्यात रोवणीला जातात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. पण मानानं मंडप भरत नाही. प्रेक्षक तुटतो त्याला आम्हीही कारण आहोत. तालमी कमी झाल्या, जुनंच नाटक नाव बदलून येतं, कथा रंगात आली की मध्येच नाच घुसवतात. आणखी एक गोष्ट मला फार लागते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा, म्हणजे आमच्या इकडच्या बोलीचा, आयुष्यभर अभ्यास केला, आणि आमच्या नाटकात ती बोलतो फक्त विनोदी नट. मी केलेल्या नायिका सगळ्या पुस्तकी मराठीत रडल्या. माझी आई तशी कधीच रडली नाही.

म्हणून यंदा बुकिंगला जाल तेव्हा फक्त पोस्टरवरचे चेहरे बघून तारीख पक्की करू नका. संहिता मागा, वाचा. तालमी किती झाल्या ते विचारा, एखादी बघून या. घुसवलेले नाच नकोत, हे आधीच ठरवून घ्या. शाळेतल्या पोरांचं अर्ध्या तासाचं झाडीबोलीतलं नाटुकलं सुरुवातीला ठेवा. त्यांचे आईबाप तिकीट काढून येतील. तूट एकाच वर्षात भरेल असं मी म्हणत नाही, पण पोट्ट्यांना दोन वर्षं थांबायला सांगा.

आणि निवडायला जाताना गावातल्या दोघी-तिघी बायांना सोबत न्या. इतक्या वर्षांत नाटक ठरवायला आलेले मी पुरुषच पाहिले. तणसावर पहाटेपर्यंत बसतात त्या बाया.