शांतिसेनेत आपले जवान डॉलरसाठी जातात का?

प्रश्न असा आहे की भारत यूएनच्या शांतिसेनेत इतके जवान का पाठवतो, डॉलर मिळतात म्हणूनच ना, आणि देशाच्या पदरात काय पडतं. मी लष्कराच्या सिग्नल्समधून (संदेशवहन) रिटायर झालोय, 2010 ला काँगोत गोमा शहरात होतो, त्यामुळे पाहिलंय तेवढं सांगतो.

आधी पैशाचं. यूएन माणशी महिन्याला साधारण 1,400 डॉलर देते, पण ते सरकारला. जवानाला त्याचा पगार आणि सरकार देईल तो परदेश भत्ता. यूएनकडून थेट हातात पडतो तो रोजचा भत्ता, 1 डॉलर 28 सेंट. परदेश भत्त्यामुळे चार पैसे साठतात, कोणाच्या घराचा स्लॅब पडतो, कोणाच्या बहिणीचं लग्न होतं, हे खरंय. पण आपल्या देशाच्या 180 च्या आसपास लोकांनी या मिशन्समध्ये जीव गमावलाय, कुठल्याही देशापेक्षा जास्त, तेव्हा "डॉलरसाठी जातात" असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता तिथलं सांगतो. गोमा न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे, 2002 ला लाव्हा शहरातून वाहत थेट किवू तळ्यात गेला, त्यामुळे जिकडेतिकडे काळा टोकदार दगड, बुटांचे तळवे टिकायचेच नाहीत. पोरं चुकुडू नावाच्या लाकडी दुचाकीवर कोळशाची पोती लादून उतारावरून सुसाट यायची. मी दोन महिने आत डोंगरातल्या एका पोस्टवर होतो. अंधार पडायला लागला की आसपासच्या बायका पोरांना, चटया-भांड्यांना घेऊन आमच्या तारेच्या कुंपणाला लागून झोपायला यायच्या, कारण रात्री बंडखोर गावात शिरायचे. एक म्हातारी रोज लाइटच्या खांबाखालीच जागा धरायची आणि उजाडायच्या आत कसावाच्या शेताकडे निघायची. आम्ही सत्तरएक माणसं आणि भाग आख्ख्या तालुक्याएवढा, म्हणजे कुंपणाजवळ आले ते वाचले, बाकीच्यांचं काय हा विचार ड्युटीवर पाठ सोडायचा नाही.

त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर 2008 मध्ये, तिथल्याच किवांजा गावात दीडशेच्या आसपास लोक मारले गेले, आणि आपल्या जवानांचा तळ तिथून जवळच होता. टीका झाली, व्हायलाच हवी होती. माझं मत एवढंच की माणसं कमी, लोकांची भाषा बोलणारा दुभाषी नाही, अशात गावात काय चाललंय हेच वेळेवर कळत नाही.

आणि खरी गोम इथे आहे. किती माणसं जाणार, गोळी कधी चालवायची, हे सगळं मॅन्डेटमध्ये, म्हणजे मिशनला दिलेल्या आदेशात, सुरक्षा परिषद ठरवते, आणि जवान पाठवतात भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, रवांडा. यूएन चार्टरच्या कलम 44 मध्ये लिहिलंय की ज्याचं सैन्य वापरायचं त्या देशाला त्या निर्णयात सामील करून घ्यावं. भारत वर्षानुवर्षं हे कलम पुढे करतोय, ऐकतंय कोण.

देशाला मिळालं काय म्हणाल तर नाव मिळालं, आणि ते कमावलेलं आहे. 1953 ला कोरियात घरी परतायला नकार देणारे वीसेक हजार युद्धकैदी सांभाळायचं काम आपल्या कोल्हापूरच्या जनरल थोरातांच्या फोर्सकडे होतं, कैद्यांनी आपला एक मेजर ओलीस धरला तेव्हा ते स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. 5 डिसेंबर 1961 ला काँगोतच कॅप्टन सलारिया मोजक्या गोरख्यांना घेऊन कितीतरी मोठ्या टोळीवर तुटून पडले आणि शहीद झाले, त्यांना परमवीर चक्र. 2000 ला सिएरा लिओनमध्ये अडीच महिने वेढ्यात अडकलेले आपले जवान ऑपरेशन खुकरीत बाहेर काढले. सुरक्षा परिषदेत कायमची सीट मात्र अजून नाही.

तुमच्या घरातलं कोणी काँगोसाठी सिलेक्ट झालं असेल तर जायच्या आधी तिथल्या स्वाहिली भाषेची चाळीस-पन्नास वाक्यं पाठ करून घ्या म्हणावं. ती म्हातारी एका संध्याकाळी आलीच नाही, आणि ती कुठे आहे हे बाकीच्या बायकांना विचारायला मला "जांबो"च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे एक शब्द येत नव्हता.