दया, कीव आणि कळवळा

प्रश्न असा आलाय की चर्चमध्ये "प्रभू, दया कर" असं सारखं म्हणतात, पण आपण तर "मला कुणाची दया नको" असं तोऱ्यात सांगतो, मग एकच शब्द तिथं भक्तीचा आणि इथं अपमानाचा कसा काय?

मला वाटतं घोळ 'वर' मध्ये आहे. दया कुणावर तरी करतात, म्हणजे करणारा वर आणि घेणारा खाली. देवाच्या बाबतीत ते चालतं, तो वरच आहे, माणसामाणसात मात्र त्या दयेची लगेच कीव होते आणि कीव कुणाला आवडते?

पण मराठी बायबलमध्ये दया एकटी नाही, तिथं कळवळा पण आहे आणि माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे. येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोनीची गोष्ट बघा (लूक, अध्याय १०). लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस वाटेत पडलाय, याजक म्हणजे मंदिरातला पुजारी बघून कडेनं निघून जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक, तो पण जातो, आणि ज्याला यहुदी लोक आपला मानत नव्हते त्या शोमरोन्याला त्याचा कळवळा येतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय, म्हणजे आपलं आतडं तुटणं! कळवळा करता येत नाही, तो येतो, आणि कुणावर नाही तर कुणाचा तरी येतो, तिथं वर-खाली काही उरतच नाही. मग तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, वर मालकाला दोन दिनार देतो म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी. आणि शेवटी येशू विचारतो या तिघांत त्या माणसाचा शेजारी कोण झाला, तर उत्तर येतं, दया करणारा. म्हणजे आधी कळवळा, मग दया, हा क्रम महत्त्वाचा. नुसता कळवळा येऊन घरी गेलं तर काय उपयोग.

हिब्रूत, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ भाषेत, तर अजून भारी, ५१ व्या स्तोत्रात करुणेसाठी जो 'रहमीम' शब्द आहे तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला. आपण नाही का म्हणत, "चुकलं, पोटात घाला"?

२०१९ च्या पुरात आमच्या इथल्या एका ख्रिस्ती आजींनी वरच्या मजल्यावर तीन घरं ठेवून घेतली होती. कुणीतरी म्हटलं, लई उपकार झाले आजी. तर त्या म्हणाल्या, "उपकार कसलं रं, मला बघवंना."