शिगमो, शिमगा आणि सीमेचा म

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीने होळीवरच्या निबंधात गोव्यातल्या पेडण्याच्या आजीच्या तोंडचा 'शिगमा' लिहिला. शाळेतून वही परत आली तेव्हा शब्दावर लाल रेघ आणि समासात दुरुस्ती होती: 'शिमगा'. बाई विचारतात, बरोबर काय? आणि या सणाचं नाव बोंबाबोंबीला कसं चिकटलं?

होलिका, प्रल्हाद, पुरणपोळी हे सगळ्यांना पाठ आहे, तिथे थांबत नाही. पण आधी एक जुनी मळमळ ओकून टाकतो. हल्ली एसटी स्टँडापासून नाक्यापर्यंत प्रत्येक फ्लेक्सवर 'शिमगोत्सव' असतो. गणेशोत्सव झाला, दुर्गोत्सव झाला, मग शिमग्याने काय घोडं मारलं, म्हणून त्यालाही संधीचे कपडे चढवले. पण शिमगा या शब्दातच उत्सव आहे. शिमगोत्सव म्हणजे उत्सवाचा उत्सव. 'पिवळं पीतांबर' यापेक्षा कमी विनोदी आहे.

आता मूळ. बाराव्या शतकात गुजरातेत बसून हेमचंद्र या जैन पंडिताने 'देशीनाममाला' हा देशी शब्दांचा कोश रचला, त्यात 'सुगिम्हअ' असा शब्द आहे आणि अर्थ दिलाय फाल्गुनातला उत्सव. संस्कृत करून पाहिलं तर सुग्रीष्मक. कामसूत्रातल्या उत्सवांच्या यादीत 'सुवसंतक' येतो, त्याच घडणीचा हा भाऊ. ग्रीष्माचं प्राकृतात गिम्ह होतं, जसं अस्मेपासून आपलं आम्ही झालं. 'सु'मधला उ पुढच्या 'गि'च्या संगतीने इ झाला, आणि इ-ई शेजारी आली की मराठीला स चालत नाही, श लागतो. हिंदी सीखते, आपण शिकतो. हिंदीत सींग, आपल्याकडे शिंग. म्ह मधला ह दमून गळाला. उरलं काय? शिगमा! म्हणजे ग आधी, म नंतर. पेडण्याच्या आजीने हा क्रम जसाच्या तसा सांभाळलाय. वर घाटावर आणि रत्नागिरीकडे जिभेने दोन अक्षरांची अदलाबदल केली, जशी ती चिकटण्याचं चिटकणं आणि नुकसानीचं नुसकान करते. रुळला म्हणून 'शिमगा' प्रमाण झाला, त्याला माझी ना नाही. पण लाल रेघ जुन्या, सरळ रूपावर पडावी आणि उलटं झालेलं रूप समासात ऐटीत बसावं, ही गंमत त्या मुलीला जरूर सांगा.

आणि फाल्गुनात ग्रीष्म कुठला, असं कुणी विचारलंच तर 'होळी जळाली, थंडी पळाली' हे ऐकवा. माझं तर मत आहे की ही म्हण म्हणजे सुग्रीष्मकाचा मराठी तर्जुमाच आहे. याला पुरावा काय, असं घरातले विचारतात. घरातल्यांना हौस नसते.

होळी जवळ आली की पुरवण्यांतून एक दुसरीच व्युत्पत्ती फिरते: सीमेवर जाऊन करायचा सण, म्हणून 'सीम-गा', त्याचा शिमगा. लिहिणारे मोठ्या आत्मविश्वासाने लिहितात. महाराज, सीमेचा म मराठीत जगत नाही. ग्रामाचं गाव, नामाचं नाव, तसं सीमेचं शीव. मुंबईत मध्य रेल्वेवर त्या नावाचं स्टेशनच आहे, उतरून पाटी वाचा. दसऱ्याचं सीमोल्लंघनसुद्धा लोकांच्या तोंडी शिलंगण झालं, म तिथेही वाचला नाही. सीमेवरून सणाला नाव पडलं असतं तर आपण 'शिवगा' खेळलो असतो. शिमग्यातला म टिकला तो मूळच्या जोडाक्षरातला म्हणून.

होळी हा शब्दही वाटतो तितका देशभर एकसारखा नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात 'होलाका'चा माग मीमांसासूत्रं रचणारा जैमिनी आणि त्याचा भाष्यकार शबर यांच्यापर्यंत नेलाय, आणि तिथे मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचा, वाद हाच, की पूर्वेकडचे लोक होलाका पाळतात तर ती सगळ्यांनी पाळायची का! दक्षिणेत या पौर्णिमेला जळतो तो मदन, होलिका नव्हे. आणि तळकोकणात, गोव्यात 'होळी' म्हणजे मुळात आणून उभा करायचा झाडाचा सोट: कुठे आंबा, कुठे पोफळ.

बोंबांचं सांगायचं राहिलंच. भविष्योत्तर पुराणात रघुराजाच्या राज्यात ढोंढा नावाची राक्षसी पोरांना छळते. तिला वर असा की शस्त्राने मरायची नाही. मग उपाय निघतो: पोरांनी लाकडं जमवायची, आग पेटवायची आणि तोंडाला येईल ते मोठ्याने बरळायचं. त्या गोंगाटाने ती पळते. आमच्या गावी होम पेटला की आम्ही पोरं उलटा पंजा ओठांवर आपटत घसा बसेस्तोवर कोकलायचो, आणि एरवी शिवी ऐकली की कान पिळणारे काका त्या रात्री चूक शिवी दुरुस्त करून द्यायचे.

म्हणून शिमगा नेहमी कुणाच्या तरी नावाने होतो. 'पाण्याच्या नावाने शिमगा' बरोबर, कारण तिथे पाणी नाही आणि सगळं गाव एका सुरात ओरडतंय. 'दोन गटांत शिमगा' हे मात्र बातमीदारांचं मराठी. दोन गटांत हाणामारी होते, बाचाबाची होते, राडा होतो. शिमग्याला समोरचा पक्ष नसतो, ढोंढा उलट उत्तर देत नाही. 'शिमगा गेला तरी कवित्व उरतं' या म्हणीतलं कवित्वही वृत्तात बसवलेलं काव्य नव्हे. ती होमाभोवती जुळवलेली अचकट-विचकट कवनं, राख निवली तरी पोरांच्या तोंडून न जाणारी.

तर बाई, वहीतली दुरुस्ती खोडू नका. तिच्या शेजारी बारीक अक्षरात 'सुगिम्हअ' लिहून वही पुन्हा शाळेत पाठवा.